बेस्तरवारचा कुकारा

“मग माझं चुकलं कुठे, बाबा?”

सदानंद कोकरे यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. घाटातल्या झोपडीत राहणारे इनायतबाबा फकीर चुलीतलं लाकूड पुढे सारत राहिले.

सदानंद वरच्याच धनगरवाड्यात जन्मले आणि शिकून राजधानीत सरकारचे सल्लागार झाले. पूर्वी दर गुरुवारी, वाड्याच्या बोलीत बेस्तरवारी, सरकारी नर्सबाई डोंगर चढून वाड्यावर यायची. सल्लागार झालेल्या या साहेबांनी ते पदच मोडीत काढलं आणि घरोघरी चिठ्ठ्या वाटल्या. हवा तो दवाखाना निवडा, चिठ्ठी द्या, पैसे सरकार भरेल. गिऱ्हाईक मिळवायला डॉक्टर आपणहून धावत येतील, असं त्यांचं म्हणणं.

शहरात धावले. साहेबांना शाल-श्रीफळही मिळालं. चार घरांच्या धनगरवाड्यावर मात्र चिटपाखरू फिरकलं नाही. तिथे पोचायला अडीच तासांचा चढ आहे, हे जन्मापासून ठाऊक असलेला माणूस नेमका तेवढंच विसरला होता.

आता आईच्या पायाची जखम चिघळली होती. गेल्या महिन्यात ते तिला न्यायला आले, तर म्हातारी जागची हलेना. बेस्तरवारी बाई आली आणि मी घरात नसले तर, म्हणाली. आज ते पुन्हा निघाले होते. पण झोपडीपाशी येऊन पाय अडले.

“ती माझी वाट बघत नाही,” सदानंद म्हणाले. “त्या परक्या बाईची बघते.”

आईनं कधीतरी आपलीही अशी वाट बघावी, असं त्यांना फार वाटत होतं.

“तुझ्या चिठ्ठीत,” बाबांनी विचारलं, “हाकेला ओ कुणी द्यायची?”

“ज्याला परवडेल तो देईल.”

“आणि कुणालाच नाही परवडलं तर?”

तेवढ्यात वरून बारीक आवाज आला. “कूऽऽऊ...”

सदानंद उठून उभे राहिले. आईचा कुकारा! नर्सबाई यायच्या वेळेला आई असाच कुकारा द्यायची, आणि खालच्या वळणावरून बाई ओ द्यायची. मगच आई चहाचं आधण ठेवायची.

“दर बेस्तरवारी देते,” बाबा म्हणाले. “दहा महिने झाले.”

“तुम्ही ओ नाही देत?”

बाबांनी आपल्या वाळलेल्या पायावरून हात फिरवला. “ओ दिली की जावं लागतं, बेटा. ती आधण ठेवून बसेल.”

पुन्हा कुकारा आला. या वेळी जरा लांबलेला, शेवटी दमलेला...

सदानंदांनी दोन्ही हात तोंडाशी नेले. मग हळूच खाली घेतले.

“ही हाक त्या बाईसाठी आहे, बाबा. माझ्यासाठी नाही.”

बाबांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“ज्याला ऐकू आली, त्याची.”