निवटीचा एक घास चिखल

एक होती खाडी. खाडीला दोन काठ. एक काठ दगडाचा, तिथे धक्का. दुसरा काठ चिखलाचा, तिथे निवटीचं घर.

निवटी म्हणजे कोण? चिखलातला इवलासा मासा. डोळे डोक्यावर, वाटाण्याएवढे. पाण्यात पोहते, चिखलात उड्या मारते. टुणुक टुणुक.

एकदा संध्याकाळी आई म्हणाली, "घराच्या काठाला एक घास चिखल कमी पडतोय गं. जा, घेऊन ये."

निवटी गेली. तोंड भरून चिखल घेतला. गाल फुगले. परत निघाली, टुणुक टुणुक.

वाटेत होडीवाल्या धाकलूआजाची होडी उभी. होडीत एक माशी बसलेली. निवटीनं मारली उडी होडीत. पण तोंडात चिखल. माशी खाणार कशी? तिथे होती पेट्रोलची लाल टाकी. टाकीच्या डोक्यावर निवटीनं चिखल टाकला. थप्.

माशी उडून गेली. भुर्र.

आणि आजानं होडी सुरू केली. फट फट फट. घर मागे राहिलं. आई मागे राहिली.

होडी धक्क्याला लागली. इंजिन खोकलं. खॉक. आणि गप्प झालं. आजा मनात म्हणाला, चला, धक्क्यापर्यंत तरी आलं. होडी बांधून तो घरी गेला. निवटी होडीच्या तळाला, ओंजळभर पाण्यात, एकटीच निजली.

सकाळ झाली. थंडी अशी की दोरीसुद्धा कडक झालेली. मग ऊन आलं. होडीतलं पाणी आटायला लागलं.

निवटीला ओलं राहावं लागतं, बरं का. अंग वाळलं की तिला श्वास घेता येत नाही. बाहेर उडी मारावी, तर पाणी खोल, घराचा काठ लांब. आणि धक्क्यावर बगळा. एका पायावर. बघतोय.

तेवढ्यात आला धाकलूआजा. मागून आली गोदीकाकी, डोक्यावर टोपली घेऊन. तिला पलीकडे लेकीकडे जायचं होतं.

इंजिन पडलं होतं गार. म्हणून आजानं चोक ओढला. मग इंजिनाची दोरी ओढली. खर्रर. इंजिन उठेना. पुन्हा ओढली. खर्रर. उठेना.

निवटी गेली टुणुक टुणुक आजाकडे.

"धाकलूआजा, धाकलूआजा, होडी हाक ना.
आई भेटेना."

निवटीचा आवाज मोहरीएवढा. आजाला ऐकूच गेला नाही. पण गोदीकाकीनंही तेच विचारलं. "धाकलूमामा, होडी हाकताय, की मी टोपली घेऊन पोहत जाऊ?"

"आधी इंजिन उठू दे," आजा म्हणाला. "मग मी हाकतो."

पाणी आटलं. बगळ्यानं दुसरा पाय खाली टेकला.

निवटी गेली टुणुक टुणुक इंजिनाकडे.

"इंजिनदादा, इंजिनदादा, उठ ना.
होडी हलेना.
आई भेटेना."

इंजिन कुडकुडत होतं. म्हणालं, "माझ्या पोटात पेट्रोलचा थेंब नाही. आधी नळी भरू दे. मग मी उठतो."

पाणी आटलं. बगळ्यानं एक पाऊल टाकलं.

निवटी गेली टुणुक टुणुक नळीकडे.

"नळीताई, नळीताई, भर ना.
इंजिन उठेना.
होडी हलेना.
आई भेटेना."

नळी म्हणाली, "मला पेट्रोल कोण देतो? माझ्या मधोमध बसलेला रबरी गोळा देतो. आधी गोळा फुगू दे. मग मी भरते."

इकडे आजानं इंजिनाचा प्लग काढला. नाकाशी धरला, बोटानं चाचपला. कोरडा. प्लग परत बसवत तो हळूच म्हणाला, पेट्रोल कुठेतरी अडलंय. गोदीकाकी म्हणाली, "आणि माझं जेवण लेकीकडे अडलंय."

पाणी आटलं. बगळ्यानं एक पाऊल टाकलं.

निवटी गेली टुणुक टुणुक गोळ्याकडे. गोळा कसा? रात्रभरात चपटा झालेला, वाळल्या आंब्यासारखा.

"गोळोबा, गोळोबा, फुग ना.
नळी भरेना.
इंजिन उठेना.
होडी हलेना.
आई भेटेना."

गोळा म्हणाला, "फुगू कशानं? आधी टाकीला पेट्रोल सोडू दे. मग मी फुगतो."

निवटीची शेपटी कोरडी झाली. बगळ्यानं एक पाऊल टाकलं.

निवटी गेली टुणुक टुणुक टाकीकडे.

"टाकीमावशी, टाकीमावशी, सोड ना.
गोळा फुगेना.
नळी भरेना.
इंजिन उठेना.
होडी हलेना.
आई भेटेना."

टाकी म्हणाली, "पेट्रोल आहे गं माझ्याकडे, काठोकाठ आहे. पण एक घोट बाहेर जायचा, तर एक घोट वारा आत यायला हवा. आधी वारा शिरू दे. मग मी सोडते."

निवटीची पाठ कोरडी झाली. बगळा होडीच्या कडेवर आला.

निवटी आता टुणुक टुणुक नाही गेली. सरपटत गेली. सरक सरक.

"वारेबुवा, वारेबुवा, आत शिरा ना.
टाकी सोडेना.
गोळा फुगेना.
नळी भरेना.
इंजिन उठेना.
होडी हलेना.
आई भेटेना."

वारा म्हणाला, "मी सकाळपासून दारात उभा आहे. झाकणाला एक भोक आहे, मुंगी जाईल एवढं. ते आहे बंद. आधी भोक उघडू दे. मग मी शिरतो."

निवटी चढली टाकीवर. सरक सरक. दम लागला.

"झाकणकाका, झाकणकाका, भोक उघडा ना.
वारा शिरेना.
टाकी सोडेना.
गोळा फुगेना.
नळी भरेना.
इंजिन उठेना.
होडी हलेना.
आई भेटेना."

झाकण म्हणालं, "माझ्या भोकावर चिखल बसलाय. वाळून दगड झालाय. आधी चिखल निघू दे. मग मी उघडतो."

निवटीनं बघितलं. खरंच, चिखल. गोल गोल. एक घास.

"चिखला, चिखला, निघ ना.
भोक उघडेना.
वारा शिरेना.
टाकी सोडेना.
गोळा फुगेना.
नळी भरेना.
इंजिन उठेना.
होडी हलेना.
आई भेटेना."

चिखल हळूच म्हणाला, "निवटे, मला ओळखलं नाहीस?"

निवटीनं वास घेतला. घराचा वास.

"तूच मला इथे ठेवलंस, माशीपायी," चिखल म्हणाला. "मला पण घरी जायचंय. आधी मला भिजव. मग मी निघतो."

निवटीनं खाली बघितलं. होडीत पाणी उरलं होतं किती? एक घोट. तो चिखलाला द्यावा, तर निवटीला काय? आणि मागे बगळ्यानं मान वाकडी केली.

निवटी क्षणभर थांबली. मग खाली उतरली. सरक सरक. शेवटचा घोट तोंडात घेतला. वर चढली. आणि चिखलावर सोडला. पिच्च.

चिखल भिजला. मऊ झाला. निवटीनं तो तोंडात घेतला, सगळा. गाल फुगले.

बगळ्यानं चोच उचलली.

आणि मग काय झालं, ऐका.

चिखल निघाला, भोक उघडलं.
भोक उघडलं, वारा शिरला. सूऽऽऽ.
वारा शिरला, टाकीनं पेट्रोल सोडलं. गळळ गळळ.
टाकीनं सोडलं, गोळा फुगला. फुप्प.

आजाचा हात सहज गोळ्यावर गेला. गोळा फुगलेला. आजानं दाबला. फुसुक फुसुक. गोळा झाला टणक, पेरूसारखा. आजा बघतच राहिला. मघाशी तर चपटा होता हा.

गोळा फुगला, नळी भरली. सळ सळ सळ.
नळी भरली.

आजानं चोक ओढला. दोरी ओढली. खर्रर. फट्.

"अजून एकदा," गोदीकाकी म्हणाली. आता ती थट्टा करत नव्हती. टोपली मांडीवर घट्ट धरून बसली होती.

खर्रर. फट्. फट् फट्. फट फट फट फट.

इंजिन उठलं. सगळी होडी थरथरली. बगळा दचकला. पंख पसरले, आणि गेला उडून दूर, झाडावर.

आजानं चोक परत आत ढकलला. दोर सोडला. इंजिन उठलं, होडी हलली. पाणी उडालं, चुबुक चुबुक. निवटीच्या अंगावर पडलं. पाठ ओली झाली. शेपटी ओली झाली. निवटीला श्वास आला. केवढा मोठा श्वास आला.

"काय केलंत हो मामा?" गोदीकाकीनं विचारलं.

आजानं इंजिनाकडे बघितलं. मग म्हणाला, "काय माहीत. थंडी गेली असेल त्याची."

खाडीच्या मधोमध एक माशी आली. निवटीच्या अगदी नाकासमोर बसली. पाय चोळत बसली. निवटीनं तिच्याकडे बघितलं. भूक तर काल संध्याकाळपासूनची. पण तोंड उघडलं नाही. अजिबात नाही.

माशी कंटाळली. भुर्र.

होडी चिखलाच्या काठाला लागली. गोदीकाकी उतरली. आजा उतरला. निवटीनं मारली उडी. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, घराकडे.

आई बिळाच्या तोंडाशी उभी होती. रात्रभर तिथेच होती. डोळे लाल झाले होते.

"निवटे," आई म्हणाली, "एक घास चिखल आणायला एवढा वेळ लागतो का गं?"

निवटी बोलणार कशी? तोंडात चिखल होता. ती गेली घराच्या काठाशी. जिथे कमी पडत होतं, तिथेच चिखल ठेवला. थप्.

बरोबर बसला.

मग ती आईला चिकटली. आणि खूप वेळ चिकटूनच राहिली.

निवटी बिळात,
होडी खाडीत,
आणि आपण गोधडीत.