होडीला पाणी पाजा

ही गोष्ट मला नीट आठवते, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. होडीचा मालक राजाचा पंडित होता की वैद्य, हे मी स्वतःच दोन वेळा दोन तऱ्हांनी सांगून बसलो आहे. आज पंडित धरू. तो फार शिकलेला होता, एवढं नक्की.

तर फार जुन्या काळी, खाडीकाठच्या एका राज्यात हा पंडित राहायचा. त्याची एकुलती एक लेक पलीकडच्या काठावर दिली होती. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा तिथला रिवाज. पण पाऊस लागला की खाडीत कुणी नाव घालत नसे. पावसाला दोन महिने उरले होते.

"सगळे जातात त्या नावेने, तरीने जा आणि लेकीला घेऊन या," बायको म्हणाली.

"तरीने? त्या बकऱ्यांच्या गर्दीत? माझी लेक माझ्या आजोबांच्या होडीतून येईल!"

आजोबांची छोटी शिडाची होडी जांभळीखाली दहा उन्हाळे पालथी पडली होती. फळ्या इतक्या सुकल्या होत्या, की खाली वाकून पाहिलं तर फटींतून आभाळ दिसे.

पंडिताने कापूस आणला, राळ आणली, तेल आणलं. राळेत भिजवलेला कापूस तो छिन्नीने फटींत ठोकू लागला. एक फट बुजवावी तर उन्हाने शेजारची रुंदावे. मग तीही बुजवायची. होडीची त्याला इतकी काळजी, की शेजाऱ्याचं कुत्रं फळीवर पाय वर करू लागलं तर हा छत्री घेऊन धावे.

जवळच जाळं विणणारी एक म्हातारी कोळीण महिनाभर हे पाहत होती. शेवटी तिला राहवेना.

"पंडितबाबा, होडीला आधी पाणी पाजा. दगड भरून आठ दिवस खाडीत बुडवून ठेवा. मग काय ते ठोका."

"अगं, पाणी आत येऊ नये म्हणून तर राबतोय मी! जिला तरंगायचं तिला बुडवायचं? कुठल्या ग्रंथात आहे हे?"

"ग्रंथात कुठलं, बाबा? खाडीत आहे."

पंडित इतका हसला की राळेचं भांडं लवंडलं. मग त्याने उरलेल्या फटी अशा ठासून भरल्या, की मुंगीलाही आत जायला वाट राहिली नाही.

नारळ फोडून होडी पाण्यात लोटली. एक थेंब आत आला नाही! पंडिताने कोळिणीकडे नुसतं पाहिलं आणि शीड सोडलं. पलीकडे पोचल्यावर त्याने व्याह्यांना होडीत कोरडा हात फिरवून दाखवला. व्याही म्हणाले, "वा! आता आजच निघताय?"

"छे, मुहूर्त चौथ्या दिवसाचा आहे."

तीन दिवस पंडित पुरणपोळ्या खात होता आणि होडी पाणी पीत होती. तहानलेल्या फळ्या फुगू लागल्या. फुगायला जागा मात्र कुठेच नव्हती. तिथे कापूस बसला होता.

चौथ्या दिवशी मुहूर्तावर पंडित होडीत चढला आणि लेकीला हात देणार, तोच आतून आवाज आला, तडाड! एक फळी खिळ्यांसकट उसळून बाहेर आली. मग दुसरी. बघता बघता पंडित व्याह्यांसमोर कमरेएवढ्या पाण्यात उभा, हातात पंचांग.

आभाळ काळवंडलं होतं. तरीवाला ओरडला, "ही शेवटची खेप! येताय का?"

लेक म्हणाली, "बाबा, मला आईकडे जायचंय. कशातून, ते मी कधी विचारलं होतं का?"

दोघं तरीत चढली. जागा व्हावी म्हणून पंडिताने एक बकरी मांडीवर घेतली. ती वाटभर त्याचं उपरणं चघळत होती. माहेरच्या ओट्यावर लेकीचं पाऊल पडलं आणि पाऊस लागला.

पावसाळा सरल्यावर मोडकी होडी ओढून आणली, सुताराकडून नव्या फळ्या बसवल्या. त्यानंतर दर वर्षी होडी वापरायला काढण्याआधी पंडित ती आठ दिवस स्वतः बुडवून ठेवी. काठावरून कुणी ओरडलं, "पंडितबाबा, होडी बुडाली की हो!" तर तो सांगे, "बुडाली नाही, पितेय."

तात्पर्य: प्रत्येक फट ही चूक नसते, काही फटी लाकडाने स्वतःच्या फुगण्यासाठी राखलेल्या असतात.

हे मलाही पटेना. म्हणून कित्येक वर्षांनी मी वीतभर रुंदीची एक सुकी फळी मोजून हौदात टाकली. आठव्या दिवशी ती रुंदीला सूतभर वाढली होती. लांबीला होती तेवढीच.