खांद्याची सुट्टी

बैलाच्या अंगातले स्नायूही एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. पोळ्याच्या आदल्या दिवशी धन्याने पोवळ्या बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळलं, तसा वर्षभर जू ओढून दमलेला खांद्याचा स्नायू खुलला. ओरडला, “उद्या औत नाही, पोवळ्याचा हुकूम नाही! सगळ्यांना सुट्टी!”

आतड्याचा गुळगुळीत स्नायू सावकाश म्हणाला, “आणि उद्याच्या पुरणपोळ्या पुढे कोण सरकवणार? मला हुकूम लागतच नाही, बाबा.”

खांद्याने हृदयाला हाक मारली, “तू तरी थांब! तुझ्या अंगावर माझ्यासारखेच आडवे पट्टे आहेत, तू माझ्याच जातीचा. बिनहुकमाचा किती राबशील?”

हृदय हसलं. “मी थांबलो तर तुझा पोळा कुठला? आणि दोन ठोक्यांच्या मधे मी रोजच पोळा करतो की!”

खांदा लक्ष देऊन ऐकू लागला. ठोका, पोळा. ठोका, पोळा.