राजघळीचा निरोप

राजघळीतल्या समाध्यांपुढून निघताना ‘येतो’ म्हणायचं नसतं. तुम्ही आत्ता म्हणालात म्हणून हात धरून थांबवलं. रागावलो नाही, घाबरलो. या वाळवंटात आमची पाथरवटांची चार घरं अजून मराठी बोलतात, त्यामुळे ही चूक इथे फक्त आपलीच माणसं करतात. इतरांना बिचाऱ्यांना ती येतही नाही.

पहिली चूक रायाजीची. तो आमचा मूळपुरुष. पोटासाठी देशावरून इकडे आला, असं सांगतात. इथल्या राजांना खडकात खोली कोरून निजवायची रीत होती. शेवटच्या राजाच्या दाराची शिळा रायाजीनं बसवली. बाकी सगळे निघून गेले होते. त्यानं हातावरची धूळ झटकली, शिळेला नमस्कार केला आणि घरच्या सवयीनं बोलून गेला, “येतो, महाराज.”

आतल्या एकट्या राजानं तो शब्द धरून ठेवला, म्हणे.

दुसऱ्या दिवसापासून ऊन उतरलं की रायाजीचा जीव थाऱ्यावर राहीना. ताटावरून उठायचा, बोलता बोलता उठायचा आणि घळीची वाट धरायचा. त्याची बायको चिमा मोठी खमकी. तिनं त्याचा पाय बाजेला बांधला, तर हा बाज ओढत निघाला! गाव हसलं. चिमाला हसू येईना, कारण तिनं मागोमाग जाऊन पाहिलं होतं. समाधीची शिळा रोज थोडी सरकत होती. आता फट माणूस आत जाईल एवढी झाली होती.

त्या संध्याकाळी ती त्याच्या आधी येऊन फटीपुढे उभी राहिली.

“महाराज, हा शब्द माझ्या दारातला आहे. तुमच्यापुढे चुकून सांडला. माझं माणूस सोडा.”

“ज्यानं दिला त्यानंच मागे घ्यावा,” आतून आवाज आला म्हणे.

म्हणजे रायाजीनं ‘जातो’ म्हणायला हवं होतं. तोवर तो येऊन पोचला, एक पाय फटीत टाकून उभा राहिला, पण जीभ रेटेना. माणसानं आपल्या तोंडानं तसं म्हटलं तर तो खरंच जातो, ही त्याची भीती. चिमा म्हणाली, “म्हणा. काय वाईट व्हायचं ते माझ्या कपाळी.”

“जातो, महाराज,” रायाजी कसंबसं म्हणाला आणि पाय मागे घेतला. शिळा जागच्या जागी बसली.

दोघं घरी आले. पण शब्द मागे घेतला तो घेतलाच. सकाळी कामावर निघताना रायाजीच्या तोंडून ‘येतो’ निघेना. पुढे कधीच निघालं नाही. तो उंबऱ्यात मुकाट उभा राहायचा, मग चिमाच म्हणायची, “या.” आणि तो परत येईपर्यंत आत-बाहेर करत राहायची. असे दोघं म्हातारे झाले. रायाजी वारला, तिरडी दारातून बाहेर पडली, तेव्हाही चिमा सवयीनं म्हणाली, “या.” बायका चपापल्या. तिला गप्प करायला मात्र कोणी धजलं नाही.

आजही राजघळीत सगळे ‘जातो’ म्हणतात, आणि आमच्या घरांतून मयत निघालं की उंबऱ्यातलं माणूस ‘या’ म्हणतं. गेल्या उन्हाळ्यात मी बायकोला ‘ये’ म्हणालो. दिवे लागले तरी दार लावायला हात होईना.