चारशेवी पाटी

"...मग पुसायचं कशाला, बुवा?"

धैर्यशील इंगवलेनं हे विचारलं तेव्हा सकाळची आरती नुकतीच झाली होती आणि रेवणबुवा मठाच्या ओसरीवर पाय लांब करून बसले होते. उत्तराची वाट बघणं शिष्याच्या स्वभावातच नव्हतं. त्यानं आपला फोन गुरूंसमोर धरला.

मठाची रीत जुनी. ओसरीवर माणसं दाटीनं बसायची. एकाचं दुखणं दुसऱ्याच्या कानावर जाऊ नये म्हणून येणारा माणूस बुवांच्या कानाशी बोलायचा आणि बुवा उत्तर पाटीवर लिहायचे. पाटी नेऊन द्यायचं काम धैर्यशीलचं. वाचून झालं, की विचारणाऱ्यानं ती आपल्या हातानं पुसायची आणि उठायचं.

धैर्यशीलला हा शुद्ध अडाणीपणा वाटे. दोन वर्षं पाटी नेता नेता तो गुपचूप तिचा फोटो काढत होता आणि मठाच्या नावानं इंटरनेटवर उघडलेल्या पानावर टाकत होता. आज चारशेवी पाटी चढली, म्हणून बुवांना पहिल्यांदा दाखवायला आणलं होतं.

मतांची त्याच्याकडे वानवा नव्हती. कुठलं ॲप कामाचं, कुठलं टाकाऊ, मोबाइलनं समाज सुधारला की बिघडला... विचारायची खोटी, आणि न विचारताही चालायचं. त्यानं बुवांना सगळंच ऐकवलं. फॉरवर्ड करणाऱ्यांनी नुसता उकिरडा केलाय. कमेंट लिहिणारे सगळे रिकामटेकडे. पण साधन वाईट नसतं, वापरणारा शहाणा हवा. आपलंच बघा की, आपण कुणाचा प्रश्न छापत नाही. नाव नाही, गाव नाही. लोकांच्या खासगी गोष्टींची कदर आपल्याला आहे.

"नुसतं उत्तर?" बुवांनी विचारलं.

"नुसतं उत्तर. चाळीस हजार माणसं वाचतात, बुवा."

बुवांनी पाय जवळ घेतले.

तेवढ्यात एक म्हातारा पायऱ्या चढून आला. कापशीचे सखोबा चौगुले. डोक्याचं मुंडण ताजं होतं. त्यांनी नमस्कार केला नाही. खिशातून फोन काढला आणि बुवांच्या पुढ्यात ठेवला. त्यावर पाटीचा फोटो होता. 'परत जाऊ नकोस. ते घर तुझं नव्हतं.'

"माझ्या उदयला हे का लिवून दिलंसा?"

मग त्यांनी सांगितलं. मुलगा बापाशी भांडून पुण्याला गेला, त्याला दोन वर्षं झाली. इकडे आईनं अंथरूण धरलं. ती त्याचंच नाव घेत होती. बापानं मान खाली घालून निरोपावर निरोप धाडले. उत्तरादाखल हा एवढा फोटो आला, आणि खाली एक ओळ, की बुवांनीच सांगितलंय. बाई गेली. मुलानं करायचं ते नवऱ्याला करावं लागलं.

धैर्यशीलनं वाकून तो फोटो पाहिला.

ती पाटी त्याला ओळखू आली. श्रावणात एक पोरसवदा बाई आली होती. दोन्ही हातांवर उलथन्याचे चटके होते. तिनं रडत रडत पाटी पुसली होती. तिच्यासाठी लिहिलेलं होतं ते. अक्षर छान आलंय म्हणून त्यानं त्याच दिवशी फोटो चढवला होता, आणि हजारो लोकांना तो आवडलाही होता.

"चौगुले, तुमचा उदय इथं कधी आलाच नाही," बुवा म्हणाले.

म्हाताऱ्यानं फोटोवर बोट ठेवलं. "मग हे अक्षर?"

"माझंच."

बुवांनी धैर्यशीलकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, रागावले असते, तर त्याला बरं वाटलं असतं.

"तो फोटो... मी टाकला," धैर्यशील म्हणाला.

शिवी येईल, हात उगारला जाईल, असं त्याला वाटलं. सखोबांनी यातलं काहीच केलं नाही. ते बुवांकडेच वळले.

"परवा तेरावा हाय. 'घरी जा' म्हणून एवढं लिवून द्या. तुमचं ऐकतोय त्यो."

धैर्यशीलच्या जिवात जीव आला. त्यानं धावत पाटी आणली, पेन्सिल आणली, बुवांपुढे ठेवली. आपला फोन उघडून तयार धरला. आत्ता लिहा, मिनिटाभरात त्याला पोचतं, म्हणाला. जुना फोटोही आत्ताच काढून टाकतो म्हणाला.

बुवांनी पाटी उचलली आणि आपल्या आसनाखाली सरकवली.

"पुण्याची गाडी किती वाजता?"

"दहाला."

"तू जा."

"मी? बुवा, तो मला ओळखतसुद्धा नाही. आणि फोनवर..."

बुवांनी पायऱ्यांकडे बोट केलं.

सखोबांनी पत्ता सांगितला. धैर्यशीलनं तो दोनदा विचारून घेतला, तरी ध्यानात राहीना. चपलेत पाय नीट जाईना. शेवटच्या पायरीवर तो थांबला. कशाहीबद्दल आपलं काही मत असावं, असं त्याला या घडीला वाटत नव्हतं.

"बुवा... त्याला सांगू काय?"

"सांगायला कोण पाठवतंय? त्याचा प्रश्न काय, ते विचारायला जा."