पुसलेले चौकोन

डोंगरपट्ट्यातली एक बोली मरायला टेकली होती आणि एका वृद्ध गुरुजींनी ती लिहून ठेवण्याचा ध्यास घेतला होता. ती बोली जाणणारी एकटी बुधीआजी उरली होती. मृताला निरोप देण्याचे गाणे पूर्ण येत होते तेही तिलाच. ते यंत्रात ध्वनिमुद्रित करायचे नाही, असा तिच्या लोकांचा दंडक होता; गेलेल्याचा जीव त्यात अडकतो म्हणत. म्हणून गुरुजींनी तिच्या शेजारी बसून ते संगणकावर लिहिले. त्या बोलीत साध्या 'ह'खेरीज एक घोगरा, खोल 'ह' होता. त्यासाठी त्यांनी एक दुर्मीळ अक्षर योजले.

पुढे आजीच गेली. आईच्या विधीत गाण्यासाठी तिची मुलगी लखमी ते न्यायला येणार होती. गुरुजींनी ती एकुलती फाइल पेनड्राइव्हसकट आपल्या तरुण शिष्याच्या हाती दिली. "एवढं छापून ठेव रे."

शिष्याने आपल्या संगणकावर फाइल उघडली. ओळीओळीत रिकामे चौकोन! आता गुरुजींना विचारावे की नाही? छे! हुशार माणसाला विचारायची लाज वाटते ना! फाइल बिघडली असे धरून त्याने सगळे चौकोन एका फटक्यात साध्या 'ह'मध्ये बदलले आणि त्याच फाइलवर सेव्ह केले. पान कसे लख्ख दिसू लागले! त्याचा जीव भांड्यात पडला.

गुरुजींनी ते पान पाहिले. मग लाल पेन उचलून प्रत्येक 'ह'भोवती चौकोन काढू लागले.

"अहो गुरुजी, हे काय करताय? मी मुद्दाम नीट केलंय ते!"

"चौकोन दिसले होते ना तुला? अरे, अक्षर आत शाबूत होतं. त्याचं रूप ज्या फॉन्टमध्ये आहे, तो तुझ्या संगणकात नव्हता, एवढंच. चौकोन बिचारा खरं सांगत होता, की इथे कुणीतरी आहे, पण मला दाखवता येत नाही. तू त्याच्या जागी आपल्या ओळखीचं बसवलंस. आता साधा 'ह' कुठला आणि आजीचा घोगरा कुठला, कोण सांगणार?"

"दुसरी प्रत असेल ना?"

"नाही."



लखमी आली. तिला चाल तेवढी ठाऊक होती; बोली घरातून केव्हाच सुटली होती. गुरुजी तिला म्हणाले, "पोरी, चौकोन आला की थांब. तुझ्या आईच्या तोंडी नसलेलं काही म्हणू नकोस."

नदीकाठी लखमी गाऊ लागली. शिष्य मागे उभा होता. ती पहिल्यांदा थांबली, तेव्हा त्याला वाटले, विसरली बहुतेक. दुसऱ्यांदा थांबली, तेव्हा त्याला कळले. त्यानंतर त्याला मान वर करवेना, आणि गाणे तर अजून बरेच उरले होते.