एकटीनं निवडलेलं अळू

घरची माणसं पाटावर बसली आहेत, तुमच्या हातची भाजी त्यांच्या पानात वाढलेली आहे, आणि ती खाण्याजोगी आहे की नाही हे तुमचं तुम्हालाच ठाऊक नाही. अशा वेळी तुम्ही काय कराल?

फार जुन्या काळी ओढ्याकाठच्या एका गावात एका सुनेवर अशी पाळी आली होती.

त्या ओढ्याला अळू माजायचं. पण त्याच्याच शेजारी, अगदी अळूसारखं दिसणारं एक विषारी रानपानही उगवायचं. म्हणून गावाची रीत होती, की अळू एकटीनं निवडायचं नाही. दोघी शेजारणींनी समोरासमोर बसायचं. एकीनं पान पाहून पुढे द्यायचं, दुसरीनं ते उलटून देठ पाहायचा. जांभळट देठाचं पान टोपलीत टाकायचं, हिरव्या देठाचं दूर फेकायचं.

पण या सुनेचं शेजारणीशी बोलणं बंद होतं. शेजारणीच्या कोंबड्यांनी हिची मेथी उकरली होती आणि हिनं तिला तोंडाला येईल ते ऐकवलं होतं. आता तिच्या दारी टोपली घेऊन कोण जाणार?

“मला काय डोळे नाहीत?” असं म्हणत तिनं एकटीनंच देठ सोलले, पानं चिरली आणि पातेलं चुलीवर चढवलं. चिंच-गूळ पडला. घरभर वास सुटला.

भाजी उतरवून ती साली गोळा करायला वाकली, आणि तिचा हात थबकला. जांभळ्या सालींत एक साल फिकट हिरवी होती.

सावलीत वाढलेल्या अळूचा देठही कधी असा असतो. तसंच असेल. पण नसेल तर?

“सूनबाई, वाढतेस ना? पोर भुकेनं रडकुंडीला आलीय,” सासूनं हाक मारली.

घरात दुसरं काही शिजलेलं नव्हतं. भाजी ओतून दिली तर सासू काय म्हणेल? शेजारीण तर गावभर हसेल. सुनेनं ती साल चुलीपाशी ठेवली. तिनं सगळ्यांना वाढलं.

“आई, तू थरथरतेस का गं?” लेकीनं विचारलं आणि घास तोंडाशी नेला.

सुनेनं झडप घालून तिचा हात धरला. “थांबा! कुणी खाऊ नका!”

“वेड लागलं का तुला?” सासू ओरडली. पण सून ती साल मुठीत धरून शेजारी धावली होती.

“का गं, आज माझ्या कोंबड्यांची आठवण झाली वाटतं?” शेजारीण म्हणाली. मग तिनं सुनेचा चेहरा पाहिला आणि हात पुढे केला. साल उजेडात धरली, मोडून पाहिली, हुंगली.

“हो म्हणवत नाही, नाही म्हणवत नाही. अख्खं पान असतं तर सांगितलं असतं. आता ते पातेल्यात विरघळलं, बाई.”

“मग मी काय करू?”

“ही भाजी माझ्या घरात असती, तर मी पुरून टाकली असती.”

दोघींनी मिळून परसात खड्डा खणला. शेजारणीनं घरून अर्धी भाकरी आणली, ती पोरीला दिली. बाकीची माणसं नुसतं पाणी पिऊन निजली.

“एका सालीपायी पातेलंभर भाजी मातीत!” सासू अंथरुणात बराच वेळ पुटपुटत होती. ते पान विषारी होतं की नव्हतं, हे कुणालाच कधी कळलं नाही.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, आपल्या हातून चूक झाल्याची शंका आली, तर लाज न धरता ती वेळेवर बोलून दाखवावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरातली सगळी माणसं जागी झाली.